विमानवाला, हुकूमवाला आणि चार बोटं काळं सूत

जपानातल्या शहरांवर बॉम्ब पडल्याच्या बातम्या शहापुरात पोचल्या आणि आमच्या शाळेत वादविवाद ठरला. लढाईत साधी माणसं मरतात, त्याची जबाबदारी कुणाची? बॉम्ब टाकणाऱ्याची की हुकूम देणाऱ्याची? मी हुकूमवाल्याला दोषी धरणाऱ्या बाजूला. सातवीतली मी, दोन वेण्या आणि अखंड चालणारं तोंड. जिंकायचंच! त्या विमानवाल्यानं जणू वकीलपत्र माझ्याकडंच दिलं होतं.

शाळेतून आलं की वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, हातमागापाशी बसून रहाटावर सूत गुंडाळून कांड्या भरायच्या, हे माझं काम. वादाच्या आदल्या दिवशी हात रहाटावर, तोंड भाषणात. "श्रोतेहो, विमानवाला नुसता हात आहे, हात!" असं ओरडत मी जांभळ्याऐवजी काळं सूत कांडीवर भरलं. आप्पा भाषणात इतके रंगले की तीच कांडी मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात घालून विणत सुटले. चार बोटं कापड झालं तेव्हा आई किंचाळली, "अवो, लग्नाच्या लुगड्यात काळं?"

मी तडक म्हटलं, "मी नुसती कांडी भरली. विणलं आप्पांनी!"

आप्पांनी धोटा खाली ठेवला. "व्हय गं? दोन दिस तूच सांगतीयास न्हवं, हाताचा दोष न्हाय म्हणून? मग मीबी सुटलो की!"

"तुम्ही बघायचं होतं!"

"आन् विमानवाल्यानं खाली बघायचं न्हवतं?"

मी वाकून ते चार बोटं काळं कापड बघितलं.

"ऊठ, दोघं मिळून उसवू," आप्पा म्हणाले. "आपलं उसवता तरी येतंय."

दुसऱ्या दिवशी उभी राहिले, "विमानवाला नुसता हात..." म्हटलं आणि पुढचं तोंडातून निघेना. "खोटं आहे हे!" मी ओरडले. "त्या हाताला डोळे होते! हुकूम देणारा दोषी, बॉम्ब भरून देणारा दोषी, टाकणाराही दोषी! खाली बायका पाणी भरत असतील, पोरं खेळत असतील. त्यांचं कोण उसवून देणार?" आणि टेबलावर अशी मूठ आपटली की तांब्या कलंडून गुरुजींच्या धोतरावर.

समोरच्या बाजूनं टाळ्यांचा कडकडाट केला. गुरुजी धोतर पिळत म्हणाले, "अगं, तू नक्की कुणाच्या बाजूची?"

"मेलेल्यांच्या!" काय तो माझा आव! वेणी सुटलेली, नाक वाहतंय.

आमची बाजू हरली. माझी जोडीदारीण महिनाभर बोलली नाही.

घरी आप्पांनी विचारलं, "जिंकलीस?"

"हरले."

"बरं. बस कांड्या भरायला. सूत बघून घे."

घेतलं. आणि त्यांनीही धोट्यात घालण्याआधी कांडी उजेडाला धरून बघितली.