पगारी खेळाडूचा अंगठा

चोविसाव्या वर्षी कामातून गेलेला माणूस तुम्ही पाहिला आहे का?

मी पाहिला, सांगलीत, फिजिओथेरपीच्या दवाखान्यात. आईच्या गुडघ्यासाठी गेले होते. शेजारी बसलेल्या तरुणाला पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना. उजवा अंगठा थरथरत होता.

“पडलास का रे?” समोरच्या काकांनी विचारलं.

“नाही काका. मोबाइलवर गेम खेळतो. संघाकडून, पगारावर, रोज बारा तास.”

“गेम खेळून हात गेला? मग आमच्या नातवाचे दोन्ही जायला हवे होते!”

सगळे हसले. माझी आईसुद्धा. तोही हसला.

मग हळूच मला म्हणाला, “सहा महिने लपवलं, ताई. सामन्याआधी अंगठा बर्फात धरायचो. दुखतंय म्हटलं की दुसऱ्या दिवशी आपल्या जागी सतरा वर्षांचा पोरगा बसतो. आता डॉक्टर म्हणतात, थांब. परवा संघाची निवड आहे. मला दुसरं काही येत नाही.”

यंत्रात कामगाराचा हात सापडला, तर निदान लोक गप्प होतात. इथे रोजचे बारा तास राबूनही कामाला नाव खेळाचंच, म्हणून मालकाला जबाबदारी नाही आणि आपल्याला कणव नाही. मी कामगार संघटनेसाठी पत्रकं लिहिते, घोषणा देते. पण परवा त्याने काय करावं, हे मला सांगता आलं नाही. त्याचा नंबर पुकारला गेला आणि तो आत गेला.

तुमच्या घरी असा कुणी असेल, तर आज त्याला विचारा, कधीपासून दुखतंय. आणि त्याचं सांगून होईपर्यंत हसू नका.