बेताने यांचा हात

आमच्या ऑफिसच्या मागच्या गल्लीत, चष्म्याच्या दुकानाला लागून एक चिनी खानावळ आहे. आचारी आणि मालक एकच गृहस्थ. त्यांचं खरं नाव आम्हा कुणाला धड उच्चारता येईना, म्हणून आमच्या हेडक्लार्कने त्यांना ‘बेताने’ हे आडनाव बहाल केलं. कारण असं, की नवीन गिऱ्हाईक आलं की स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून ते एकच विचारत, “बेतानं?” तिखट बेतानं घालू का, असा त्याचा अर्थ. आमच्या भाषेतला त्यांनी शिकलेला हा पहिला शब्द. जो तो मान हलवी. पुढे पुढे त्यांनी विचारणंच सोडलं आणि सगळंच बेतानं होऊ लागलं.

त्यांच्या मुलखातलं जेवण मुळात बेताचं नाही. भरमसाट मिरची, आणि शिवाय एक बारीक लालसर दाणा, ज्याने जिभेला मुंग्या येतात. बेतान्यांच्या खानावळीतही मुंग्या येत, पण शिस्तीत, एका रांगेने.

गल्ल्यावर त्यांची बायको बसे. आम्ही तिला वहिनी म्हणत असू. त्या बेतान्यांच्याच गावच्या, गल्लीसुद्धा तीच. भाज्या निवडणं, भांडी, फरशी, गल्ला, सगळं त्यांच्याकडे. अलीकडे उठताना त्या आधी टेबल धरत, मग खुर्ची, मग भिंत. एकुलती मुलगी परगावी दवाखान्यात नर्स होती आणि कढईला हात लावणार नाही असं तिने स्वच्छ सांगितलं होतं. चष्मेवाल्याला दुकान वाढवायला ही जागा हवी होती. वहिनी म्हणत होत्या, देऊन टाकू. दमले बेतानेही होते. दुपारी कट्ट्यावर बसले की त्यांचा एकेक खांदा वेगळा बसल्यासारखा वाटे. पण ते हो म्हणत नव्हते.

घोडं अडलं होतं थोरल्या भावापाशी. त्यानेच यांना कढई धरायला शिकवलं. गावाकडे तो नावाजलेला आचारी. धाकटा परक्या मुलखात बेतानं रांधतो हे कळल्यापासून फोनवर त्याचा एकच टोमणा असे, “तू स्वयंपाक करत नाहीस, आजाऱ्यांची सेवा करतोस.” दुसऱ्या एखाद्याने हसण्यावारी नेलं असतं. बेतान्यांनी मनाला लावून घेतलं. आणि नेमका हाच भाऊ आता पाहुणा म्हणून येणार होता. तेव्हा त्यांनी बायकोला शब्द दिला, दादा जेवून म्हणाला की हात तोच आहे, तर खानावळ चालवायची. नाहीतर जागा चष्मेवाल्याची. वहिनींनी बरं म्हटलं.

मग दुपारची गर्दी ओसरली की बेताने खरं तिखट करून बघू लागले. असा खकाणा उठे की शेजारी नंबर काढायला बसलेली माणसं डोळे पुसत रस्त्यावर येत. चष्मेवाला येऊन सांगून गेला की त्याची गिऱ्हाइकं पहिली ओळ वाचायच्या आत रडतात. आणि खुद्द बेताने चव घ्यायला जात, तर त्यांनाच ठसका लागे. इतकी वर्षं बेतानं खाऊन त्यांची जीभही आमच्यासारखीच झाली होती.

“जमलं का तेच कळत नाही,” ते मला म्हणाले. “नुसतं भाजतंय, एवढं कळतं.”

मला घास देऊन पाहिला. माझे कान तापले. माझ्या अभिप्रायाचा काही उपयोग नव्हता.

दादा आला तो शनिवारी दुपारी. नावावरून मी धिप्पाड माणूस कल्पिला होता. आला तो काठीच्या आधाराने, शर्टाच्या कॉलरमध्ये मान हरवलेली. मी गल्ल्याशेजारी कोपऱ्यातल्या टेबलावर होतो. भावांचं बोलणं वहिनी मला हळू आवाजात मराठीत सांगत होत्या.

बेतान्यांनी लाल तेलातला मासा आणून ठेवला. वर मिरच्यांचा थर असा, की मासा शोधावा लागावा. दादाने वाकून वास घेतला. डोळे मिटले. एक तुकडा उचलला, थोडा वेळ धरला, आणि पुन्हा वाडग्यात सोडला. मग खिशातून गोळ्यांची डबी काढून टेबलावर ठेवली. पोटाचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी मिरची कायमची बंद केलीय, फोनवर सांगायची लाज वाटली, असं तो बोलला. माझ्यासाठी काहीतरी बेतानं कर, म्हणाला.

बेताने आत गेले आणि आम्हाला करतात तसं मऊ सोयापनीर करून घेऊन आले. दादाने वाडगा पुसून खाल्ला. तोंड पुसून म्हणाला, “हात तोच आहे.” आणि खुर्चीतच त्याचा डोळा लागला.

हवं ते वाक्य मिळालं होतं. बेताने माझ्यासमोर येऊन बसले तेव्हा त्यांच्या तोंडावर आनंद काही दिसत नव्हता.

“आजारी माणूस आजाऱ्याच्या जेवणाला चांगलंच म्हणणार,” ते म्हणाले. “मासा कसा झालाय ते कोण सांगणार आता?”

वहिनी गल्ल्यावरून उठल्या. टेबल, खुर्ची, भिंत करत माशापाशी गेल्या, बसल्या, आणि खाऊ लागल्या. नाक वाहू लागलं, डोळे वाहू लागले. त्या एका हाताने पुसत होत्या, दुसऱ्या हाताने खात होत्या. ठसका एकदाही लागला नाही. मागाहून मला कळलं, की शटर ओढल्यावर त्या स्वतःपुरतं रोज वेगळं तिखट करून घेत. बेताने तोवर झोपलेले असत. वहिनींना कुणी विचारलं नव्हतं, त्यांनी सांगितलं नव्हतं.

बेताने वळून बघत राहिले. मग म्हणाले, “कसा आहे?”

“तुझ्या दादाच्या खानावळीत लग्नाआधी खाल्ला होता, तसाच,” वहिनी म्हणाल्या. “हात तोच आहे. पण गुडघे माझे तेच नाहीत. चष्मेवाल्याला सोमवारी बोलावते.”

शब्द पाळायचा तर खानावळ चालवायला हवी होती. मला वाटलं, बेताने तो विषय काढतील. त्यांनी काढला नाही. खुर्ची ओढून ते बायकोसमोर बसले, एक छोटा तुकडा उचलून तोंडात टाकला, खोकले, पाणी प्यायले. खांदे मात्र खाली आले होते, दोन्ही एकदम.

“खरंच तसाच?” त्यांनी विचारलं.

“मीठ कमी आहे,” वहिनी म्हणाल्या, आणि वाडगा आपल्याकडे ओढून घेतला.