कुर्माघरातली मच्छरदाणी

एटापल्लीकडच्या त्या गावात सोमारीच्या घरी दोन मच्छरदाण्या होत्या, एक नवराबायकोची, एक दोघी पोरींची. मागच्या वर्षी विद्यापीठातली पोरं आली, घरोघरी माणसं मोजली, बोट टोचून रक्त तपासलं आणि मच्छरदाण्या वाटून गेली. काम चांगलं झालं. त्या पावसाळ्यात गावात तापानं फणफणलेली लेकरं फारशी दिसली नाहीत.

सोमारीची थोरली मैनी मात्र गेली.

पाळी आली की बाईनं गावाबाहेरच्या कुर्माघरात राहायचं, ही रीत. आत गेलेली वस्तू घरात परत येत नाही. मैनी आत गेली तेव्हा सोमारीनं पोरींची मच्छरदाणी सोडायला घेतली होती. नवरा पोचू म्हणाला, आत गेली की ती परत यायची नाही, मग धाकट्या पोरीनं कशाखाली निजायचं? त्याचंही खोटं नव्हतं. सोमारीनं सोडलेली गाठ पुन्हा बांधली. मैनी तिथेच तापली, बरळू लागली. नाला भरून वाहत होता. खाटेवर घालून पलीकडे नेलं, पण दवाखान्याची गाडी दिसेपर्यंत पोरगी थंड पडली होती.

यंदा पोरं पुन्हा आली. त्यांच्यातल्या दीपालीनं विचारलं, मच्छरदाणी असून मलेरिया कसा झाला? सोमारीनं कुर्माघराकडे बोट केलं. मागच्या वर्षी गाव दीपालीनंच मोजलं होतं. ती कुडाची खोपी तिला दिसलीही होती. सरपणाची असेल, असं वाटलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं. परक्यासमोर कुर्माचं नाव कोण काढतो?

धाकटी दिव्या आता त्याच खोपीत जाऊ लागली होती.

पुढच्या बाजाराला दीपाली आणखी एक मच्छरदाणी घेऊन आली. ही कुर्माघराचीच, तिथेच राहायची. गावचा पुजारी लटारू भूमिया बिडी विझवून म्हणाला, यात रीत मोडत नाही. पण बांधणार कोण? त्या दिवशी आत कोणीच नव्हतं, आणि पाळीवाचून आत पाय ठेवायचा नाही. दीपाली चप्पल काढून निघाली.

"तू नोको, बाई," सोमारी म्हणाली. "तू परकी. तू बांधशील तं पोरी तिले हात नाई लावनार."

सोमारीची पाळी कधीच थांबली होती. तरी ती वाकून आत शिरली. पोचू धावत आला.

"आता तुले घरात कसं घेऊ?"

"नोको घेऊ. मैनीले तरी कुठी घेतलं होतं?"

पोचूनं कुडापाशी उभं राहून दोरी आत टाकली.

दिवस कलता दिव्या भात घेऊन आली. रीतीप्रमाणे द्रोण लांब ठेवून तिनं विचारलं, "माय, आत मच्छर हायेत का?"

सोमारी मैनीच्याच जागेवर बसली होती. जाळीला बाहेरून मच्छर चिकटले होते.

"हायेत," ती म्हणाली. "तू येशील तवा खालची कड चटईखाली खोचून घेजो."