उजव्या काखेतली गाठ

"डॉक्टर, 'पसरला' असं लिहा आणि मोकळ्या व्हा," सर फोनवर म्हणाले. "ट्रायलच्या कंपनीला आजच रिपोर्ट हवाय."

सर म्हणजे आमच्या नाशिकच्या हॉस्पिटलातले कॅन्सरचे मुख्य डॉक्टर. मी तिथे पेट स्कॅन वाचते. समोर देवळ्याच्या मंदाताईंचा स्कॅन होता. डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालेलं, नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये होत्या, औषध छान लागू पडत होतं. आणि आता उजव्या काखेत एक गाठ चमकत होती. विरुद्ध बाजूला गाठ म्हणजे कॅन्सर दूर पोचला, असं धरतात. मग ट्रायलमधून नाव बाद आणि जबर केमो सुरू.

पेट स्कॅनआधी आम्ही शिरेतून किंचित किरणोत्सारी साखर देतो. जास्त साखर खाणाऱ्या पेशी चमकतात. कॅन्सर अधाशी असतोच, पण रोगाशी लढणाऱ्या आपल्या पेशीही कामाला जुंपल्या की तितक्याच खातात. मला खटकला तो उजव्या दंडातला एक फिकट ठिपका. तिथे कॅन्सरचं काय काम?

मंदाताई बाहेरच बसल्या होत्या. सोबत नवरा, भाऊसाहेब. कांद्याचे व्यापारी, भाव आणि आरोग्य, दोन्ही मोबाइलवर बघणारे. त्यांना मी चहाला पाठवलं.

"ताई, एवढ्यात उजव्या हाताला इंजेक्शन घेतलं का?"

"फ्लूची लस घेतली, मॅडम. पंचवटीत बहिणीकडं आले व्हते तवा."

"मग स्कॅनआधी विचारलं तेव्हा का नाही सांगितलं?"

"हे शेजारीच बसेल व्हते. लशीनं कॅन्सर व्हतो म्हनत्यात."

"आणि उजव्याच हाताला का?"

"डाव्या हाताला सुई टोचू द्यायची नाय, हे तुमीच तर सांगितलं."

खरंच होतं. स्तनाच्या ऑपरेशनमध्ये त्याच बाजूच्या काखेतल्या गाठीही काढल्यावर तो हात सुजू नये म्हणून आम्ही प्रत्येकीला हे बजावतो. बाईंनी आमचं मुकाट ऐकलं होतं आणि त्याची शिक्षा त्यांनाच होणार होती. माझं डोकंच फिरलं.

लसीनंतर त्या बाजूच्या काखेत गाठ सुजते, हे अलीकडच्या संशोधनात नीट नोंदलेलं आहे. मी लगेच सोनोग्राफी केली. गाठीचा आकार साधा, सुजेचाच वाटत होता. तशी सरांच्या केबिनमध्ये गेले.

"लसीचं नाव रिपोर्टमध्ये नको," सर म्हणाले. "लोक आधीच बिथरलेत."

"साइड इफेक्ट आहे तर लिहिणार. लपवतो म्हणून बिथरतात."

"आणि कॅन्सरच निघाला तर?"

"सही माझी आहे. काही आठवडे थांबू, पुन्हा सोनोग्राफी करू. गाठ ओसरली नाही तर सुईने पेशी काढून तपासू. पण आज 'पसरला' असं मी लिहिणार नाही."

"मी दुसरं मत घेईन."

"जरूर घ्या, सर."

बाहेर आले तर मंदाताईंनी स्वतःच नवऱ्याला सांगून टाकलं होतं. भाऊसाहेब तावातावाने उभे राहिले. "म्हंजे लशीनंच गाठ आणली ना, मॅडम?"

"आणली. सूज आहे, कॅन्सर नाही, असं मला वाटतं. खात्री करायला थांबावं लागेल."

ते काही आठवडे मला अन्न गोड लागलं नाही. सर समोरून आले तरी नमस्कारापुरतेच. दुसरं मत आलं, तेही 'थांबा' असंच.

पुन्हा सोनोग्राफी केली, तर गाठ ओसरलेली. मंदाताईंना सांगितलं, तशा त्या टेबलावरच पदर तोंडाला लावून रडल्या. ट्रायल आणि औषध, दोन्ही चालू राहिली. सर म्हणाले, "नशीब चांगलं होतं." मी म्हटलं, "नाही सर. विचारलं होतं."

आता प्रत्येक पेशंटला स्कॅनआधी मी स्वतः विचारते, नातेवाइकांना बाहेर पाठवून: लस घेतली का, कोणत्या हाताला? रांग लांबते, सर कुरकुरतात. कुरकुरू देत. एकदा दिलेला केमो शिरेतून परत काढता येत नाही.