लाइट बिलाचे मानकरी

गावाच्या पाण्याच्या टाकीत गाळ साचतो ना, तसे नगरपालिकेत किस्से साचतात. उपसायला कोणालाच वेळ नसतो. जळगाव-धुळे रस्त्यावरच्या आमच्या गावात मी कारकून होतो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आमच्या अध्यक्षांनी ठरवलं की गरीब घरांचं लाइट बिल वर्षभर नगरपालिका भरणार. त्या एका योजनेचा गाळ अजून माझ्या डोक्यात आहे. आठवलं की हसू येतं, मग लाज वाटते. परत हसू येतं, तेव्हा जास्त लाज वाटते.

*

रिक्षाला भोंगा बांधून गावभर ओरडलो, "गरिबांनी अर्ज करावेत हो!" आठवडा गेला, एक अर्ज नाही. अध्यक्ष तापले. "गावात गरीब नाहीत? मग मला मतं कोणी दिली? शोधून आणा!"

आमचे हेडक्लार्क नाना आणि मी एका गल्लीत शिरलो. पहिल्याच दारात नानांनी सरळ विचारलं, "तुम्ही गरीब का?"

"मी कशाला? शेजारी शे गरीब!"

शेजारी म्हणाला, "कोण म्हणे? तोच शे!"

गल्ली संपली. सगळे गरीब शेजारच्याच घरात राहत होते!

*

एक जण मात्र आली. सुमनअक्का, केळीच्या वखारीत कामाला जायची. नवरा वारलेला. आली तीही ऑफिसच्या मागच्या दारानं.

"नाना, मनं नाव लावा. पन भोंगामा वाचू नका. पोरीनं लगीन जमी ऱ्हायनं."

बिल थकलेलं होतं, वायरमन कनेक्शन तोडून जाणार होता. मुलीची सुपारी फोडायला सोयरे आले आणि घरात अंधार दिसला तर अब्रू जाणार. आणि उजेडासाठी नगरपालिकेकडे हात पसरला हे त्यांना कळलं, तरी जाणार!

नाना म्हणाले, "अक्का, अध्यक्षांना टाळ्या पाहिजेत. गुपचूप मदत करून कोण टाळ्या वाजवील?"

अक्कानं तरी अर्ज टेबलावर ठेवला आणि मागच्याच दारानं गेली. आम्ही टेबलावरचे कागद उगाच सरळ करत बसलो.

*

शेवटी शेजाऱ्यांनी एकमेकांची सांगितलेली नावंच यादीत घेतली, मग घरोघरी तपासणी. साहेब लोक दारात आले म्हटल्यावर चहा आलाच! प्रत्येक घरात फुलाफुलांच्या कपबशा. चौथ्या घरी नानांनी कप उचलला, कान फुटलेला. नाना बराच वेळ कपाकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "हा आपल्याबरोबरच फिरतोय."

खरंच! सगळ्या गल्लीत तो एकच सेट. आम्ही पुढच्या दारानं बाहेर पडलो की कपबशा मागच्या दारानं विसळून पुढच्या घरी!

पण आमच्याबरोबरच्या तपासणी साहेबानं यादीत प्रत्येक घरापुढे लिहिलं : 'चिनी मातीच्या कपबशा आहेत. स्थिती बरी.' ज्यांनी ज्यांनी आम्हाला चहा पाजला, ते सगळे यादीतून कटले. अक्काच्या घरी नानांनी पित्ताचं निमित्त करून चहाच नको म्हटलं, म्हणून तिचं नाव यादीत टिकलं!

*

एका मेंबरच्या मेव्हण्यानंही अर्ज केला होता. घरात एकच बल्ब ठेवलेला, अंगात फाटकं बनियन. कोपऱ्यात गोधडीखाली भलं मोठं काहीतरी.

"हे काय?"

"सासू शे. आजारी."

तेवढ्यात गेलेली लाइट आली. आणि सासूनं खणखणीत आवाजात बातम्या द्यायला सुरुवात केली! हवामानाचा अंदाजसुद्धा सांगितला!

त्याचं नाव मंजूर झालं. सही आमच्याच ऑफिसची.

*

शेवटी नगरपालिकेच्या मैदानात समारंभ. मंडप, हार, भोंगा. अट एकच : ज्याचं नाव पुकारलं त्यानं स्वतः स्टेजवर यायचं, नाहीतर मदत रद्द.

अक्का बायकांत मागे बसलेली, पदर कपाळापर्यंत ओढलेला. पुरुषांत मधोमध रामदासआबा, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणारे. डोक्यावर कडक इस्त्रीची टोपी. अक्काचे होणारे व्याही हेच. आल्या आल्या मोठ्यानं सांगून झालेलं, "आपुन तं भाषन ऐकाले येल शेत!"

नानांनी माइक हातात घेतला. "अत्यंत गरीब व गरजू... सुमनबाई."

कोणी उठलं नाही. आबा मागे वळून बघेनात. अक्का मान वर करेना.

नानांनी घाम पुसला आणि पुढचं नाव वाचलं. "अत्यंत गरीब व गरजू... रामदासआबा."

आबांनी टोपी उगाच काढून परत घातली. आम्ही स्टेजवरचे सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागलो.

अध्यक्ष वैतागून माइकवरच म्हणाले, "येत नसतील तर दोन्ही नावं कापा!"

तेव्हा अक्का उठली. पदर नीट केला. बायकांतून वाट काढत भर मंडपात आबांसमोर येऊन उभी राहिली आणि स्टेजच्या पायऱ्यांकडे हात करून म्हणाली,

"आबा, तुम्ही पोऱ्याकडला. मान तुमना शे. पहिले तुम्ही चढा!"