पहिल्याच फटक्यात पास

“सगळी पानं पास?” निनादने पुन्हा विचारलं.

“सगळी. एकही फेल नाही.”

“गांगुर्डे सरांनी केलेली?”

“त्यांनीच केलेली.”

निनाद आमचा बॉस. अंबडजवळ त्याची वेबसाइट बनवणारी छोटी कंपनी आहे आणि मी तिथे टेस्टर आहे. त्याने माझ्या स्क्रीनवरचा रिपोर्ट पाहिला आणि हसून म्हणाला, “चला, जिंकलीस एकदाची!” खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटलं होतं.

भांडण जुनं होतं. माझ्या कामातला एक भाग म्हणजे कॉन्ट्रास्ट तपासणं. अक्षराचा रंग आणि त्यामागचा रंग यांत पुरेसा फरक आहे का, ते बघायचं. सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही रंग टाकले की आकडा येतो. पांढऱ्यावर पांढरं लिहिलं तर एक, पांढऱ्यावर काळं लिहिलं तर एकवीस. साध्या मजकुराला निदान साडेचार लागतात. त्याखाली गेलं की फेल. ज्यांची नजर अधू आहे, ज्यांचं वय झालंय, जे भर उन्हात मोबाइल बघतात, त्यांनाही वाचता यावं म्हणून हा नियम आहे.

आणि आमचे डिझायनर गांगुर्डे सर म्हणजे फिक्या रंगांचे भक्त. तरुणपणी त्यांनी पंचवटीत दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. फ्लेक्स आला, पाट्या गेल्या, मग हा माणूस कॉम्प्युटर शिकला. पण रंग डोळ्यांनीच ठरवायचा. फाइलमध्ये रंगांना नंबर असतात. हे नावं द्यायचे. नागलीची भाकरी. ओला पाषाण. एका करड्याला त्यांनी ‘गोदेवरचं धुकं’ असं नाव दिलं होतं. तो त्यांचा सगळ्यात लाडका, आणि माझ्याकडे हमखास फेल होणारा.

“अगं मॅडम, तुझं मशीन लय शाणं हाय,” ते म्हणायचे. “पण आकड्याला डोळे असतात का?”

“नसतात सर. म्हणूनच तो कुणाचे लाड करत नाही.”

मग कुरकुरत रंग थोडा गडद करायचे. पुढच्या कामात पुन्हा धुकं.

आणि आता हे. पहिल्याच फटक्यात पास. त्यानंतरचं कामही पास, त्याच्या पुढचंही. जवळजवळ काळी अक्षरं, स्वच्छ पांढरी पानं, ठसठशीत बटणं. मी त्यांना चिडवलं, “काय सर, शेवटी आलात ना लाइनवर?” ते नुसते हसले. उलट उत्तर आलं नाही. एरवी सरांनी उत्तर गिळलं असं कधी झालं नव्हतं.

मग एका होमस्टेच्या मालकीणबाईंचा फोन आला. निनादने स्पीकरवर घेतला.

“अहो, ही साइट आहे की तहसील कचेरीतली नोटीस?” बाई म्हणाल्या. “द्राक्षबागेतल्या त्या होमस्टेची तुम्ही केलेली साइट बघून मी तुमच्याकडे आले. तसलं मऊ काहीतरी हवंय मला.”

निनादने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. “सरांना तू सांग. तुझं ऐकतात.”

मी ती जुनी साइट उघडली. त्यातल्या पहिल्याच पानासाठी आम्ही खूप भांडलो होतो. सायीसारखा पिवळसर पांढरा रंग आणि त्यावर ‘गोदेवरचं धुकं’मध्ये एकच ओळ: घाई नाही, सावकाश या. आकडा तीनच्याही खाली होता. पण तेव्हा त्या होमस्टेचे मालकच हट्टाला पेटले आणि ती ओळ तशीच राहिली. दिसायची मात्र फार सुंदर, हे मी सरांना कधी सांगितलं नाही.

मी सरांना बोलावलं. “बाईंना असं काहीतरी पाहिजे. हे बघा ना, तुमचंच.”

ते खुर्ची ओढून बसले. चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला. स्क्रीनच्या अगदी जवळ गेले.

मग हळूच म्हणाले, “यावर मी काही लिहिलं व्हतं का गं?”

ओळ समोर होती. मला इतकी स्पष्ट दिसत होती.

मग एकेक आठवायला लागलं. काचेच्या दाराला ते धडकले होते आणि “काच लय पुसलीय रे कुणी” म्हटल्यावर आम्ही सगळे हसलो होतो. गाडी सोडून रिक्षाने यायला लागले होते, “ट्रॅफिक वाढलाय” म्हणत. टेबल खिडकीजवळ ओढून घेतलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. अधू नजरेच्या माणसांसाठी मी दिवसभर आकडे काढत होते, आणि तसा माणूस माझ्या शेजारी बसून डबा खात होता.

“चष्म्याचा नंबर वाढलाय फक्त,” ते म्हणाले.

“मग दाखवून येऊ. मी येते.”

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, “चल. पण घरी काय बोलू नको आत्ता.”

डॉक्टरांनी बऱ्याच तपासण्या केल्या. काचबिंदू निघाला. दुखत नाही, खुपत नाही, गुपचूप नजर खातो. “आहे ते टिकवायला थेंब देतो,” डॉक्टर म्हणाले. “गेलेलं परत येत नाही.” सरांनी फक्त एक विचारलं, “रंग?” डॉक्टर म्हणाले, “फिक्यातला फरक आधी जातो.” बाहेर आल्यावर सर पायरीवर बसले आणि माझा हात धरून लहान मुलासारखे रडले. मीही रडले. दुसरं काय करणार होते?

निनाद चांगला वागला. “सर, तुम्ही रंग सांगा, फाइलमध्ये बसवायला मदतीला कुणीतरी देतो.” सर नको म्हणाले. “जिभेची चव गेल्यावर आचाऱ्याला कशाला बसवायचं चुलीपुढं?” मालकीणबाईंचं काम तेवढं संपवून देतो म्हणाले.

ते त्यांनी आठवणीतून केलं. रंगांची नावं ते सांगत होते, मी फाइलमध्ये शोधून बसवत होते. पहिल्या पानावर ओळ होती: आलात, बरं झालं. धुकं मी जरा गडद केलं आणि तपासलं. आकडा साडेचारच्या थोडा वर आला.

“पास?” सरांनी विचारलं.

“पास.”

ते वाकून बघत राहिले. “मला नाय दिसत. पण पास हाय ना? मग पाठव.”

मी पाठवलं नाही. रंग आणखी गडद केला. “आता?” त्यांनी मान हलवली. आणखी थोडा. “आता?” आकडा सातपर्यंत पोचला तेव्हा त्यांनी बोट स्क्रीनवर ठेवलं आणि एकेक अक्षर चाचपत वाचलं, “आलात... बरं झालं.”

मी डोळे पुसले. ते त्यांना दिसलं की आवाजावरून कळलं, माहीत नाही.

“पास झालं म्हणून कुणी रडतं का, येडे?” ते म्हणाले. मग पुन्हा स्क्रीनकडे वळले. “वाचता येतंय आता. पण धुकं गेलं त्यातलं.”

तेच त्यांचं शेवटचं काम. बाईंना रंग जरा गडद वाटला, पण त्यांनी चालवून घेतला. सरांना मी अधूनमधून फोन करते. थेंब वेळेवर घालतात, एवढंच सांगतात. रंगांचा विषय ते काढत नाहीत, मीही काढत नाही.

आता माझ्याकडे एखादं काम पहिल्याच फटक्यात पास झालं की मी उठून, ते ज्याने केलंय त्याच्या टेबलापाशी जाते आणि बरा आहेस ना, असं विचारते. पोरं हसतात. आणि नियम साडेचारचा असताना मी सात का मागते, असं क्लायंट विचारतात. आमच्याकडे तशी पद्धत आहे, असं सांगून मी पुढचं पान तपासायला घेते.