शांतामावशींचा गामा किरणांबद्दलचा प्रश्न

मी लडाखमध्ये गामा किरणांच्या दुर्बिणीवर काम करते. सध्या सुटीवर नागपूरला आले आहे. आज सकाळी आमच्या विहारात मुलांना त्याबद्दल सांगितलं. स्फोट झालेल्या ताऱ्यांकडून आलेले हे किरण वरच्या हवेतच संपतात. तेव्हा क्षणभर निळसर उजेड पडतो, तोच आम्ही टिपतो.

नंतर शेजारच्या शांतामावशी जवळ आल्या. त्यांना कॅन्सर आहे.

"उद्यापासून मलेही मशीननं गामा किरण देणार आहेत. तेच का वं हे?"

"प्रकार तोच, मावशी. पण आकाशातले फार जास्त जोरदार असतात."

"त्यायले हवा अडवते. मले कोण वाचवीन?"

मी सांगितलं, डॉक्टर किरण मोजून, गाठीवर नेम धरून सोडतात. देताना दुखत नाही, नंतर थकवा येतो.

मावशी हळू आवाजात म्हणाल्या, "घरी कोणाले बोलली नाही, पण मी उद्या जाणारच नव्हती. तू येशील का संगं?"

मी जाणार आहे. पण किरण देताना खोलीत त्या एकट्याच असतील.

तुमच्यापैकी कोणी हे उपचार घेतलेत का? पहिल्या दिवशी आत कसं वाटलं, ते खरं खरं लिहाल? संध्याकाळी मावशींना वाचून दाखवीन.